सलीलच्या जिभेसाठी वडा

हे मी लिहिणारच नव्हतो, पण उडप्याकडे एकटा बसलेला उन्मेष डोळ्यांसमोरून जात नाही.

त्याच्या जिभेवरच्या चिपमधून चव थेट सलीलला मिळायची. सलील, त्याचा मित्र, चंद्रावर कामाला. पण चिप चालू असली की उन्मेषला स्वतःला काहीच चव लागायची नाही. हे त्याने सलीलला कधी सांगितलं नव्हतं.

सांबारात बुडवलेला वडा संपवून त्याने चटणीची वाटी चाटूनपुसून साफ केली.

"अरे येड्या, थांब! चटणी आंबलीय," सलील कानातल्या इअरफोनमधून ओरडला. "तुला कळत नाही?"

उन्मेषने रिकामी वाटी बाजूला सरकवली.

"म्हणजे तुला चवच लागत नाही? बंद कर ती चिप. तू खा नीट."

"आणि खाऊ कुणाबरोबर?" उन्मेष म्हणाला. "रविवारी परत इथेच येतो. चटणी आधी हुंगेन, शप्पथ."