एकवीस वेळा चूक

लहान मुलांच्या आजारात काय करायचं, हे आईवडिलांना शिकवणारा मोबाइल गेम मी वर्षभर खपून बनवला. चुकणाऱ्याचा हिरमोड होऊ नये म्हणून एकेक वाक्य घासूनपुसून लिहिलं. आणि चाचणीत पडेगावची सायली एकाच प्रश्नावर एकवीस वेळा चुकली! 'बाळाला जुलाब लागलेत, काय कराल?' दर वेळी हिचं उत्तर एकच, 'पाणी पाजणं बंद करू.'

"तुझा गेम कुणाला काही शिकवत नाही," साहेबांनी भर मीटिंगमध्ये मला झापलं. माझं डोकंच फिरलं. तशीच स्कूटी काढली आणि छावणीतल्या ऑफिसातून थेट सायलीचं घर गाठलं.

"फोन ठेव बाजूला. तोंडानं सांग, बाळाला जुलाब लागले तर काय करशील?"

"मीठ-साखरेचं पाणी पाजायचं, घोट घोट. अंगावर पाजणं बंद करायचं नाय. डोळे खोल गेले की लगेच दवाखाना." तिनं घडाघडा सांगितलं.

"अगं, मग सगळं येतंय की तुला! मुद्दाम चुकतेस काय?" मी ओरडलेच.

तिनं आतल्या खोलीकडं एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"ताई, बरोबर दाबलं की नुसतं टिंग वाजतं. चुकलं की ती फोनमधली बाई म्हणती, 'असू द्या, तुम्ही चांगल्या आई आहात.'"