निजलेलं काळीज

भैरूवरचा माहितीपट आज टीव्हीवर शेवटचा लागणार होता. छातीला पट्टा बांधला की पडद्यावरच्या सायकलपटूचं काळीज बघणाऱ्याच्या छातीवर धडधडे. घरात पट्टा एकच होता. घाट उतरताना सायकल घसरून भैरू गेला, त्याला वर्ष होत आलं होतं.

ठरल्याप्रमाणे घाटाच्या चढणीला पट्टा भैरूच्या आईकडे, पुढं बायकोकडे. चढणीला ठोके असे उधळले की बसल्या जागी हौसाबाईलाच धाप लागली. मग पडद्यावर भैरू झोपायला आडवा झाला. निवेदक सांगू लागला, अशा कसलेल्या गड्याचं काळीज झोपेत इतरांच्या निम्म्या वेगानंच चालतं.

"आत्याबाई, सोडा आता. हे माझं," अनसूया म्हणाली.

"आजच्या दिवस राहू दे गं. तुझ्याआधी माझ्या कुशीत निजायचा तो."

"आणि माझ्या कुशीत कोण, शेजारी?"

हौसाबाईनं पट्टा सोडून दिला. अनसूयेनं तो बांधून डोळे मिटले. जरा वेळानं तिनं हात लांबवला आणि सासूचं डोकं आपल्या छातीशी ओढून घेतलं. सावकाश, जड ठोका म्हातारीच्या कानाला लागला.

तेवढ्यात बाहेरून कुणीतरी कडी वाजवली.

"हळू रे," हौसाबाई पुटपुटली, "निजलाय तो."