तोंडापुढचा कागद

भीमराजनं औषधाच्या पुडीचा पातळ कागद चिमटीत धरला होता, लेकीच्या तोंडापुढं, चार बोटांवर. करुणा बोलायची आणि तो कागदाकडे बघायचा. कोरियन भाषेची तऱ्हाच न्यारी! चंद्र म्हणायचा तर कागदाचं टोक जरासं थरथरलं पाहिजे. मुखवटा म्हणायचा तर कागद उडाला पाहिजे. आणि लेक म्हणायची तर गळा आवळून दम आत धरायचा, कागद जागचा हलता कामा नये. तिन्ही शब्द कानाला जवळपास एकच.

करुणाचा मुखवटा झकास उडत होता. घोडं पेंड खात होतं ते चंद्रापाशी. म्हणायला जायची चंद्र आणि निघायची लेक. कागद ढिम्म.

"हलला का, अप्पा?"

भीमराजनं मानेनंच नाही म्हटलं. आता तो मानेनंच बोलायचा. तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यानं घसा खाल्ला, डॉक्टरांनी आवाजाची पेटीच काढून टाकली आणि श्वासासाठी गळ्याला भोक ठेवलं. त्या भोकावर पांढरं फडकं बांधलेलं असायचं. ते बदलणं, भोक पुसणं, सगळं करुणाच करायची. तिची आई कधीच गेली होती. घरात दोघंच.

डब्याला टेकवलेल्या मोबाइलवरून कोरियन शिकवणाऱ्या पुण्याच्या मॅडम म्हणाल्या, "करुणा, अगदी थोडा श्वास सोड. फुंकर नको. आरशावर वाफ धरेल, तेवढाच."

करुणानं डोळे मिटले आणि शब्द उच्चारला. कागदाचं टोक थरथरलं. भीमराजनं मांडीवर थाप मारली. तिनं पुन्हा म्हटलं, पुन्हा थरथरलं.

"जमलं की गं!" मॅडम खूश झाल्या. "आता ऐक. इथल्या कोरियन कंपनीला दुभाषी हवी आहे. सोमवारी येशील पुण्याला? त्यांना आत्ताच कळवायचंय."

करुणानं बापाकडे बघितलं. त्याच्या गळ्यावरच्या फडक्याकडे बघितलं.

"न्हाई जमायचं, मॅडम. घरी कोणी न्हाई." आणि तिनं फोन ठेवला.

भीमराजला आठवलं. मागंही पुण्याहून असाच फोन आला होता. तेव्हा त्याचा आवाज हळदीच्या वावरातून पार सडकेपर्यंत जायचा. त्या आवाजानं तो दारात उभा राहून गरजला होता, "न्हाई जायचं! पोरीच्या जातीला काहून पाहिजे पुणं?" सगळ्या गल्लीनं ऐकलं. काय मिळवलं एवढं ओरडून? पोरगी गप घरात बसली. तो आवाज राखून ठेवला असता तर आज कामी आला असता.

त्यानं करुणाचा हात धरून तिला आपल्याकडे वळवलं. फोनकडे बोट केलं. छातीवर हात ठेवून खुणावलं, माझं मी बघतो. मग ओठ हलवले.

जा.

करुणाला त्याचे ओठ वाचता यायचे. पण तिनं मोबाइल उचलून डब्यामागं ठेवला. त्याला वाटलं, पोरीला पटत नाही. त्यानं तो कागद स्वतःच्या तोंडापुढं धरला आणि अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून पुन्हा म्हणाला.

जा.

कागद ढिम्म राहिला. गळ्यावरचं फडकं तेवढं उडालं.

करुणानं ते खाली ओढलं, नीट बांधलं.

"जा तवा म्हणायचं व्हतं, अप्पा," ती म्हणाली. "तवा तुमाला आवाज व्हता."