आग आणि मयत

तलावाचा मातीचा बांध आतून पोखरलाय, असं तोमेजोने गेल्या वर्षी सरकारला कळवलं. सरकारने तलाव अर्धा रिकामा करायला लावला आणि गावाच्या भातलावणीचा बोऱ्या वाजला. गावाने तोमेजोला वाळीत टाकलं. "आपली जुनी रीत आहे. आग लागली किंवा मयत झाली, तरच आमच्याशी बोलायचं. एरवी थोबाड दाखवू नकोस!" गावचा मुखिया मितानी याने भर सभेत बजावलं.

यंदा मितानीने तलाव काठोकाठ भरून घेतला. आज सकाळी बांधाच्या पायथ्याशी पाणी झिरपताना तोमेजोला दिसलं. नितळ असतं तर चाललं असतं. हे गढूळ होतं. बांधाची माती पोटात घेऊनच बाहेर येत होतं.

बांधाखालच्या पहिल्याच घरात मितानी न्याहारीला बसला होता. दारात तोमेजोला पाहताच मिसोच्या सूपचा वाडगा आपटून तो खेकसला, "काय रे? कुठे आग लागलीय?"

"नाही."

"मग कोण मेलं?"

टेकाडावरच्या आपल्या घराची वाट धरत तोमेजो म्हणाला,

"अजून कुणी नाही."