मुकादमाचं काळीज

मुकादमाच्या प्रेताला पट्ट्या गुंडाळताना हापूचे हात छातीपाशी थबकले. याच माणसानं खाणीत त्याच्या पोराला पाण्यावाचून मारलं होतं. आता इथं हिरव्या दगडाचा भुंगा ठेवायचा होता. तो छातीवर असला की पाताळात ओसायरिस देवाच्या न्यायासनापुढे काळीज मुकं राहतं, मालकाची पापं सांगत नाही. हापूनं भुंगा कमरेला खोचला आणि पुढची पट्टी ओढली. "काय लपवलंस रे?" तंबूच्या दाराशी मुकादमाची बायको उभी होती. हापूनं भुंगा काढून तिच्यापुढे धरला. घ्यायला तिनं हात पुढे केला, तेव्हा मोडून वाकडं जुळलेलं मनगट त्याला दिसलं. "तुझ्यापाशी सापडला तर नाक कापतील, खुळ्या. माझ्याकडे असू दे." मग नवऱ्याच्या छातीशी वाकून ती काळजाला म्हणाली, "आधी याच्या पोराचं सांग. माझ्या मनगटाचं मागाहून सांग."