रडकी चिमणी

अनुसूयाने भिंतीवरून हात लांब केला आणि पिशवी सोडली. ती शेजारच्या कचऱ्याच्या डब्यात अलगद पडली. बाहेर उन्हाळी वाऱ्याची लू वाहत होती आणि झाशीतल्या प्रेम नगरची अख्खी गल्ली दारं लावून कूलरसमोर निजली होती. तरी तिने दोन्हीकडे पाहून घेतलं आणि ओढणीने घाम पुसत घरात पळाली.

पिशवीत भयंकर असं काही नव्हतं. ऑनलाइन मागवलेल्या पार्सलांची प्लास्टिकची वेष्टनं होती, चिप्सची पाकिटं होती. नवरा जवळच्याच बबीन्याच्या लष्करी छावणीत पलटणीत, आठवड्यातून एकदा घरी येणार. वेळ जात नाही म्हणून ती काहीबाही मागवत बसायची. कधी चमचे, कधी उशीचे अभ्रे.

हे सगळं त्या चिमणीमुळे सुरू झालं. कॉलनीची समिती दर शनिवारी घरोघरचे कचऱ्याचे डबे बघू लागली. प्लास्टिक कमी निघालं तर फाटकावर हसऱ्या चिमणीचं चित्र, जास्त निघालं तर रडकीचं. "हम किसी को मजबूर थोड़े ही करते हैं," समितीच्या मिश्रा भाभी म्हणायच्या, "बस प्यार से याद दिलाते हैं." याद करून देणाऱ्या चिमण्या चांगल्या जाड फ्लेक्सवर छापून आणल्या होत्या.

रडकी लागली की रविवारी संध्याकाळी समितीची माणसं घरी येत, बसत, चहा घेत आणि गोडीगुलाबीने चार गोष्टी समजावून जात. हसरी लागली की त्या घराला कोणी त्रास देत नसे.

पहिल्याच शनिवारी अनुसूयाला रडकी मिळाली. दूधवालासुद्धा आधी चिमणीकडे आणि मग तिच्याकडे बघू लागला. रविवारी पाच जण तिच्या सोफ्यावर बसून कासवाच्या पोटातल्या प्लास्टिकबद्दल बोलले, तेव्हा तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढच्या आठवड्यात तिला भिंतीपलीकडचा डबा दिसला.

तो डबा यज्ञेश्वरकाकांचा. काकांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या झाशीतलं. रेल्वेतून निवृत्त झालेले, बायको गेलेली, मुलगी पुण्याला. गल्लीत मराठी घरं दोनच, त्यांचं आणि हिचं. म्हणूनच तिने त्यांचा डबा निवडला. पलीकडच्या बाजूच्या तिवारींनी पहिल्याच दिवशी बोंब मारली असती. काका आपले होते, चार लोकांत आपल्या माणसाची शोभा करणार नाहीत याची तिला खात्री होती. आणि त्या खात्रीवर आपण त्यांचीच शोभा करतोय, हे रोज दुपारी पिशवी टाकताना तिला कळत होतं. कळूनही हात लांब व्हायचाच.

काकांच्या फाटकावर रडकी चिमणी बसली ती हलेना. रविवार आला की अनुसूया खिडकीच्या जाळीआड उभी राहायची. काका अंगणात पाणी शिंपडून, खुर्च्या मांडून, इस्त्रीचा सदरा घालून बसलेले असत. म्हातारा माणूस कोर्टाच्या तारखेला बसावा तसा बसलाय, असं तिला वाटायचं. सकाळी उन्हातून जाऊन ते नमकीन आणि पेढेही घेऊन येत. आपल्या पायी त्यांना तोही भुर्दंड.

"भाईसाहब, इस हफ़्ते भी इतना प्लास्टिक?" मिश्रा भाभींचा आवाज येई.

"क्या करें भाभीजी, आदत नहीं जाती," काका हात जोडत. "आप फिर समझाइए."

तक्रारीचा एक शब्द नाही. भिंतीपलीकडून दिसले की "मजेत ना, बेटा?" म्हणून उलट तिचीच चौकशी करत. अलीकडे त्यांच्या डब्याला झाकण नसायचं, बहुधा तुटलं असावं. डबाही भिंतीला अगदी खेटून ठेवलेला असे. म्हाताऱ्याला आता लांबवर उचलून नेणं जमत नसेल. तिचं काम त्यामुळे सोपं झालं होतं, आणि त्याचीच तिला जास्त लाज वाटायची.

मग एका रविवारी काकांच्या फाटकातून बाहेर पडताना मिश्रा भाभी सोबतच्या बाईला हळूच म्हणाल्या, "अकेले आदमी का इतना कचरा! दिमाग तो ठीक है न इनका?"

त्या रात्री अनुसूयाला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने मोबाइलमधलं खरेदीचं ॲप काढून टाकलं. बाजारात कापडी पिशवी नेऊ लागली, दुधाला किटली. वाण्याकडून डाळसुद्धा स्टीलच्या डब्यात आणू लागली. कासवाच्या पोटाने जे झालं नाही ते काकांच्या जोडलेल्या हातांनी झालं.

शनिवारी दोन्ही फाटकांवर हसऱ्या चिमण्या लागल्या. मिश्रा भाभींनी टाळ्या वाजवल्या, काकांना फाटकापाशी उभं करून फोटो काढला. फोटोत चिमणी हसत होती, काका नाही. इतका अपमान गिळल्यावर कोण हसेल, असं अनुसूयाला वाटलं.

पण नुसतं थांबून तिचं मन शांत होईना. एक रविवार कसाबसा गेला. दुसऱ्या रविवारी तिने साटोऱ्या केल्या आणि संध्याकाळी डबा घेऊन ती काकांकडे गेली.

अंगणात पाणी शिंपडलेलं होतं. खुर्च्या मांडलेल्या, ट्रेमध्ये कप, काका इस्त्रीच्या सदऱ्यात.

"कोणी येणार आहे का, काका?"

"छे! आता कशाला येतील?" काकांनी फाटकाकडे पाहिलं. "हसरी लागली ना."

ती खुर्चीच्या टोकावर बसली. मान वर होईना.

"काका, तो कचरा माझा होता. सगळा. मी भिंतीवरून टाकत होते. माझ्यामुळे तुम्हाला दर रविवारी एवढ्या लोकांसमोर..." तिने साटोऱ्यांचा डबा पुढे सरकवला. "मला माफ करा."

काकांनी एका कपात चहा ओतून तिच्यापुढे ठेवला.

"मला माहीत होतं की," ते म्हणाले. "झाकण मीच काढून ठेवलं होतं. डबाही मीच भिंतीला लावला, तुझा हात पुरत नव्हता म्हणून."

काकांनी शेजारची खुर्ची उगाचच थोडी सरळ केली.

"फार नको, बेटा," ते म्हणाले, "शुक्रवारी एखादी पिशवी तरी टाकत जा ना."