उतारावरचं एव्हरेज

“काका, एव्हरेज किती देईल ही?”

विनीतने गाडी गेटमधून आत घेतली आणि काच खाली करून पहिला प्रश्न हाच विचारला. पेढ्यांचा बॉक्स नंतर पुढे केला. कंपनीचं सगळ्यात स्वस्त मॉडेल होतं ते. टायरला चिरडलेल्या लिंबाची साल चिकटलेली होती आणि सीटवरचं प्लास्टिक अजून निघालेलं नव्हतं.

“ते चालवणाऱ्याच्या पायावर असतं, साहेब,” दगडू म्हणाला आणि त्याने दोन पेढे उचलले.

बाळकुमच्या त्या कॉम्प्लेक्समध्ये दगडू वॉचमन होता. त्याआधीचा सगळा जन्म बसच्या स्टिअरिंगमागे गेलेला. हे विनीतला कोणीतरी सांगितलं असावं, कारण त्या दिवसापासून प्रश्नांची रांग लागली. प्लास्टिक कधी काढायचं? सिग्नलला गाडी बंद करायची का? एसी लावून चढ चढेल का? सकाळी पेट्रोल भरलं की जास्त मिळतं म्हणतात, खरं का?

नवा भाडेकरू, नवी गाडी आणि फुकटचा गुरू. दगडूला मजा यायची. गंमत म्हणजे, एवढं विचारून डोकं खाणारा हा माणूस दोन खांबांमधल्या अडचणीच्या जागेत गाडी एका दमात रिव्हर्स लावायचा. नवशिक्याचं नशीब, असं दगडू मनाशी म्हणायचा.

एकदा विनीत सहज बोलून गेला, “आमच्या बाबांना विचारलं असतं, पण ते हल्ली फार बोलत नाहीत. कल्याणला ट्रॅव्हल्समध्ये मॅनेजर होते ना ते. सामंत.”

दगडूने हातातला चहा तसाच खाली ठेवला.

सामंत! डिझेलचं एव्हरेज कमी आलं की चार लोकांत ड्रायव्हरची आयमाय काढणारा सामंत. माळशेज उतरताना दगडूची बस डोंगराला धडकली आणि पुढच्या सीटवरची एक बाई जागीच गेली. ब्रेक लागले नाहीत, असं दगडूने पोलिसांना सांगितलं, बायकोला सांगितलं, भेटेल त्याला सांगितलं. सांगून सांगून त्याला ते पाठ झालं होतं. सामंतने मात्र साळसूदपणे जबाब दिला की ब्रेक ठणठणीत होते, ड्रायव्हरच बेफिकीर होता. दगडूचं लायसन्स गेलं, नोकरी गेली. लोकांच्या नजरा चुकवता चुकवता बायको खंगली आणि तीही गेली.

ठाण्याच्या कोर्टात केस अजून रेंगाळत होती. मेलेल्या बाईच्या घरचं कोणी कधी तिकडे फिरकलं नव्हतं. “पुरावा नाही, सुटाल,” वकील म्हणायचा. दगडूला सुटायचं होतंच. पण त्याहून जास्त त्याला सामंतचं वाटोळं झालेलं बघायचं होतं. आणि देवाने सामंतचा मुलगा आणून त्याच्या गेटवर उभा केला होता.

मग दगडू आणखी गोड बोलू लागला. विनीतची गाडी पुसायला फडकंही स्वतःचंच घ्यायचा.

“काका, रविवारी जुन्नरला जातोय,” एका सकाळी विनीत म्हणाला. “मी आणि बाबा. परत येताना माळशेज उतरायचाय.”

“सान्वी?” दगडूने विचारलं. विनीतची ती चिमुरडी रोज शाळेला जाताना त्याला टाटा करायची.

“परीक्षा आहे तिची. ती तिच्या आईजवळ राहील.”

दगडूला हायसं वाटलं. बाप आणि मुलगा एका गाडीत, पोर घरी. आणखी काय पाहिजे होतं?

विनीतने मोबाईल बॉनेटवर ठेवला आणि रुमालाने आरसा पुसत विचारलं, “उतारावर न्यूट्रल केली की एव्हरेज वाढतं म्हणतात. करू का?”

घाटात न्यूट्रल म्हणजे सगळा भार ब्रेकवर, आणि तापलेला ब्रेक ऐनवेळी दगा देतो. हे दगडूइतकं कोणाला ठाऊक असणार?

“करू का काय, कराच! घाट सुरू झाला की न्यूट्रल करायची, ब्रेकवर हलका पाय ठेवायचा आणि द्यायची सोडून. आरामात उतरते.”

“भीती वाटते हो. तुम्ही केलंय का कधी? एवढी मोठी बस?”

“घ्या! माळशेजला मी गियरमध्ये कधी उतरलोच नाही.”

“कधीच नाही?” विनीत अजून कचरत होता.

गळाला लागलेला मासा निसटतो की काय, असं दगडूला वाटलं. “शेवटच्या फेरीपर्यंत, साहेब,” तो घाईघाईने म्हणाला. “देवाशपथ.”

“मग झालं तर,” विनीत म्हणाला आणि त्याने मोबाईल खिशात टाकला.

रविवारी गाडी गेली. दगडूने कडक सलाम ठोकला. संध्याकाळी ती परत आली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. फ्लॅटला कुलूप होतं. मायलेकी हॉस्पिटलात धावल्या असणार, असा दगडूने हिशेब लावला आणि कित्येक वर्षांनी तो पोटभर जेवला.

कोर्टाच्या तारखेला तो इस्त्रीचा शर्ट घालून ठाण्याला गेला. आज निकाल लागला काय, न लागला काय, त्याचा न्याय त्याला मिळाला होता.

“आणखी एक साक्षीदार आहे,” सरकारी वकील म्हणाले. दगडूच्या वकिलाने हरकत घेतली. न्यायाधीशांनी ती ऐकून घेतली आणि साक्षीदाराला बोलावलं.

विनीत आत आला. अंगावर साधा ओरखडासुद्धा नव्हता.

“नाव?”

“विनीत घोलप.”

घोलप? सामंत नाही? दगडूला काही उमजेना. तेवढ्यात सरकारी वकिलांनी एक मोबाईल टेबलावर ठेवला आणि भरल्या कोर्टात दगडूचाच आवाज आला. “माळशेजला मी गियरमध्ये कधी उतरलोच नाही.” आणि मग, “शेवटच्या फेरीपर्यंत, साहेब. देवाशपथ.”

“या माणसाचा या केसशी संबंध काय?” दगडूचा वकील ताडकन उठून ओरडला.

विनीतने दगडूकडे बघितलं.

“पुढच्या सीटवर माझी आई बसली होती.”